अक्काला चालायला जागा

१

माझ्या गोष्टींतलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे माझी बायको पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगून ठेवते. या गोष्टीतलं निम्मं मीच सोडून दिलंय. उरलेलं सांगतो.

घरात नवी फरशी बसवून घेणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्यानं ती कधी बसवून घेतलेली नसते. आमच्याकडे पहिला कंत्राटदार आला, छताकडे बघून "करून टाकू" म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. दुसऱ्यानं न्हाणीघर उखडलं, मलबा पोत्यांत भरला, पोती जिन्यात ठेवली आणि सासरे आजारी आहेत म्हणून गायब झाला. ते सासरे बरेही होईनात आणि दुसरं काही होईनात. आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे अंघोळीला जायला लागलो. तिसरा मात्र नेमाचा होता. रोज फोन करायचा, "निघालोच" असं सांगायला.

आणि आम्हाला तर घाई होती. अक्का यायची होती.

अक्का माझी मोठी बहीण. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. लग्न होऊन गेली ती अशा घरात, जिथे माणसं फार आणि खोल्या कमी. "रात्री कूस बदलायची तर अख्ख्या रांगेला मिळून बदलावी लागायची," असं ती हसत हसत सांगायची. मेहुणे गेले, घर पुतण्यांचं झालं, आणि या वर्षी अक्का पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना रोज चालवा. सपाट, न घसरणाऱ्या फरशीवर. चालल्या तर चालतील. बसल्या तर बसल्याच."

आमच्या घरात अक्काला देण्याजोगी एकच खोली होती. शेवटची, अडगळीची. पलंग टाकला की चालायला मांजरापुरती जागा उरत होती. तरीही मी फोनवर अक्काला सांगून बसलो होतो, "ये तू. तुझ्यासाठी खोली करतोय. खोली कसली, मैदान आहे मैदान!"

"मैदान!" अक्का म्हणाली. "थापाड्या, तुझ्या घरात दोन माणसं एकदम शिंकली तर भिंतीला तडा जाईल."

२

मिस्त्रीचा पत्ता वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दिला. त्यांचं स्वयंपाकघर त्यानंच करून दिलं होतं.

"शब्दाचा पक्का," बाई म्हणाल्या. "बोललं ते करणार. जसं बोललं तसं करणार. मी त्याला म्हटलं होतं, ओट्यावर काही दिसता कामा नये. बघा तुम्हीच."

मी बघितलं. काळा, गुळगुळीत ओटा. डाग नाही, ओरखडा नाही. मी कौतुकानं त्यावर तळहात टेकला. ओटा थंडगार होता आणि त्यात माझ्या हाताचं प्रतिबिंब नव्हतं. इतक्या गुळगुळीत दगडात ते पडायला हवं होतं. खिडकी मागच्या बाजूला आहे, म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"चमचा वगैरे ठेवू नका हं," बाई घाईनं म्हणाल्या. "मग चाचपडत बसावं लागतं."

बायकोनं जिन्यात विचारलं, "चमच्याचं काय म्हणाल्या हो त्या?"

"वय झालं की डोळे जातात," मी म्हटलं.

३

मिस्त्री सांगितल्या वेळेला आला. खरं तर मी तिथेच दचकायला हवं होतं.

किरकोळ अंगाचा, पापण्यांवर सिमेंटची पूड बसलेला माणूस. खोलीत शिरला, भिंतीवर बोटानं ठोकलं, कान लावला आणि विचारलं, "फरशी कुणासाठी?"

"आमच्या अक्कासाठी."

"काय हवं?"

आता मला कुणी 'काय हवं' असं विचारलं की माझी जीभ सुटते. "मिस्त्री, अक्काला चालायला जागा पुरली पाहिजे," मी म्हटलं. "कितीही चालली तरी संपता कामा नये!"

आणि मी हसलो. बायकोही हसली. मिस्त्री हसला नाही.

"कितीही?"

"अहो, कितीही म्हणजे कितीही!"

"उंबरठा?"

"काढून टाका. पायात काही आडवं यायला नको."

"आणि भिंत आडवी आली तर?"

"भिंतीला विचारतो कोण!"

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, तो खरंच भिंत पाडेल. सरळ बोला ना जरा."

"भिंतीला हात लावायचं कारण नाही, ताई," मिस्त्री तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "झाला शब्द?"

"झाला," मी म्हटलं.

४

काम सुरू झालं. बाथरूम त्यानं आधी उरकलं आणि आम्ही शेजाऱ्यांच्या तावडीतून सुटलो. मग त्यानं अक्काची खोली धरली.

फरशी बसवणं ऐकायला फार छान असतं. थापीची खरखर, मग ओल्या मसाल्यावर फरशी टेकल्याचा मऊ आवाज, मग रबरी हातोडा. प्रत्येक फरशी बसली की मिस्त्री तिच्या कोपऱ्यांवर ठोकून बघायचा, खाली कुठे पोकळ राहिली का ते. ठक. ठक. रिकाम्या खोलीत आवाज घुमतोच, त्यामुळे पलीकडच्या भिंतीकडून प्रतिध्वनी यायचा.

फक्त तो उशिरा यायचा.

सकाळी मी बैठकीत चहा घेत बसायचो. मिस्त्री ठोकायचा. मी घोट घ्यायचो, गिळायचो, कप बशीत ठेवायचो. मग पलीकडून: ठक.

"तुला काही वेगळं ऐकू येतं का गं?" मी बायकोला विचारलं.

"येतं. तुमचं भुरकणं."

खोली मोठी दिसायला लागली होती, हे मात्र तिलाही मान्य होतं. "फिकट रंगाची फरशी घेतली ना, मग दिसणारच," ती म्हणाली. ते पटण्यासारखं होतं. मलाही पटलं.

मग एका सकाळी मिस्त्री बेसिनवर हात धूत होता. हातोडा माझ्या समोर, स्टुलावर ठेवलेला. आणि आतून आवाज आला. ठक. ठक. ठक.

मी मिस्त्रीकडे बघितलं. त्यानं नळ बंद केला, मान जराशी कलती करून ऐकलं आणि कामावरचा माणूस जोडीदाराला देतो तसा हुंकार दिला. मग हातोडा उचलून आत गेला.

५

अक्का आली. चालायचा चार पायांचा घोडा धरून, धापा टाकत, मला शिव्या घालत आली. दारात उभी राहिली आणि गप्प झाली.

तिचा पलंग आम्ही दाराजवळच, डाव्या भिंतीला लावला होता. उशाशी खिडकी. पलंगाच्या पुढे नुसती फरशी. मिस्त्रीचं काम पुढे चालूच होतं. "वाळलेल्या भागावर चालू द्या त्यांना. मी पुढे पुढे सरकतो," एवढंच तो म्हणाला होता.

"मेल्या," अक्का हळूच म्हणाली. "खरं बोलला होतास की रे."

पहिल्या दिवशी ती पलंगाच्या पायथ्यापर्यंत गेली. मग त्याच्या थोडी पुढे. मग घोडा सुटला, काठी आली. गालांवर रंग आला. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला आणि "काय करता तुम्ही?" म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, "काही नाही, घरातल्या घरात फिरते."

मी दारात उभा राहून तिला चालताना बघत असे. माणूस लांब गेला की लहान दिसतो, यात नवल काहीच नाही. पण ते रस्त्यावर. घरातल्या घरात दिसू नये.

बायको या विषयावर एक अक्षर बोलली नाही. तिनं फक्त चहाची पद्धत बदलली. आधी ती चहा गाळून झाल्यावर अक्काला हाक मारायची. मग आधण ठेवल्यावर मारायला लागली. मग आधण ठेवायच्या आधी. पुढे पुढे ती दुपारची झोप झाली की आधी अक्काच्या दारात जाऊन हाक मारायची, मग तोंड धुवायची, केस विंचरायची, भांडी लावायची आणि मग कुठे गॅस पेटवायची. चहा कपात पडायला आणि अक्काची काठी ऐकू यायला एकच गाठ पडायची.

"बघा," ती समाधानानं म्हणायची. "कसा हिशेब जमला."

६

मी तसा भित्रा नाही, पण चौकस आहे. अक्काच्या खोलीची समोरची भिंत ही आमची आणि पलीकडच्या वकिलांची सामाईक भिंत. मी वकिलांकडे गेलो. त्यांच्या बैठकीत ती भिंत जिथल्या तिथे होती. तिच्यावर घड्याळ होतं, खाली ते स्वतः आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले.

"भिंतीला ओल आलीय का बघतो," मी म्हटलं आणि मुठीनं चांगलं दणादणा वाजवलं. भरीव, प्रामाणिक भिंत.

"आमच्या घड्याळाला काही करू नका," वकील पेपरच्या आडून म्हणाले.

घरी आलो. बायकोला मी आधीच अक्काच्या दारात उभं करून गेलो होतो.

"आला का आवाज?"

"कसला आवाज? तुम्ही वाजवलंत कुठे?"

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. काहीतरी गफलत असेल, भिंत जाड असेल, हिचं लक्ष नसेल. मी हातपाय धुतले. आम्ही पानावर बसलो. जेवणं झाली. बायको खरकटं काढत होती आणि मी दात कोरत होतो, तेव्हा अक्काच्या खोलीतून, फार फार लांबून, कुणीतरी मुठीनं दणादणा भिंत वाजवली.

बायकोनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"वाजवलंत हो तुम्ही," ती म्हणाली. "चांगलं जोरात वाजवलंत."

७

संध्याकाळी मिस्त्री बाहेर आला तसा मी त्याला अडवलं. "आता पुरे. झाली तेवढी फरशी बास."

"अक्कांचं चालून संपलं?"

"ते संपलं काय आणि न संपलं काय. मी सांगतोय ना, थांबा."

"काम अर्धं टाकत नाही मी, साहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी कीवच होती. "आता थोडंच राहिलंय."

सगळे कंत्राटदार हेच म्हणतात. पण ते म्हणतात तेव्हा जे काही राहिलेलं असतं ते आपल्या घरात असतं.

"थांबवू नकोस रे त्याला," पलंगावरून अक्का म्हणाली. मी आत गेलो. ती पाय लांब करून बसली होती, तळवे चोळत.

"अक्का, कुठवर जातेस तू?"

"जाते आपली. जाववेल तितकी."

"तिथे आहे काय एवढं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे असे काही चमकले की मला ती परकी वाटली. "काहीच नाही रे! तेच तर. आज मी उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले. असे. जन्मात पहिल्यांदा, कशालाच लागले नाहीत."

पाय बरा होत होता, हे खरं. आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा लांब जात होती, हेही खरं.

"एखाद्या दिवशी परत यायचं विसरशील," मी म्हटलं.

"विसरले तर हाक मार. तुझा आवाज काही कमी नाही."

८

मग एका दुपारी बायकोनं हाक मारली, तोंड धुतलं, केस विंचरले, भांडी लावली, गॅस पेटवला. चहा कपांत पडला. काठी ऐकू आली नाही.

आम्ही दोघं दारात गेलो. फरशी, आणि फरशी. मी हाक मारली. बायकोनं मारली. चहावर साय धरली.

"जा तुम्ही," बायको म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं होतं, ते सोडायला तिला वेळ लागला. "मी इथेच उभी राहते. दार सोडत नाही."

मी अनवाणीच निघालो. फरशी थंड नव्हती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर अंथरूण असतं तशी कोमट होती. उजेड होता, पण तो खिडकीचा नव्हता. खिडकी केव्हाच मागे पडली होती. पाऊस पडून गेल्यावर असतो तसा एकसारखा, सावली न पाडणारा उजेड. दोन्ही बाजूंच्या भिंती आधी जवळ होत्या, मग जरा लांब होत्या, मग मी बघितलं तेव्हा नव्हत्या. वर बघायचं मी टाळलं. वरून वारा येत होता, एवढं सांगतो.

फरश्यांच्या मधल्या रेषा माझ्या पायांखालून निघून पुढे जात होत्या. सरळ, कुठेही न चुकता, एकीला एक मिळेपर्यंत. मी आयुष्यभर लोकांना मोठमोठ्या गोष्टी सांगत आलो. खरी मोठी गोष्ट पायाखाली आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. भीती होती, पण भीतीच्या वर दुसरंच काहीतरी होतं. गुडघे टेकावेत असं वाटत होतं.

एकदाच मागे वळून बघितलं. दार काडेपेटीएवढं दिसत होतं आणि त्यात माझी बायको, काडीएवढी.

मग हातोड्याचा आवाज आला, आणि मला ती दोघं दिसली. मिस्त्री उकिडवा बसला होता. अक्का शेजारी उभी होती, काठी बगलेत आणि मिस्त्रीच्या दोरीचं एक टोक हातात धरून, फरश्यांची ओळ सरळ यावी म्हणून.

"अक्का! चहा झालाय केव्हाचा!" मला एवढंच सुचलं.

"श्शू," ती म्हणाली. "बघ."

मिस्त्रीच्या पुढ्यात एका फरशीची जागा मोकळी होती. फक्त एका. तिच्या पलीकडे फरशी होती. तोच फिकट रंग, त्याच रेषा, आमच्या रेषांना अगदी जुळणाऱ्या. आणि ती आमच्या बाजूनं घातलेली नव्हती. ती तिकडून घालत आणली होती.

"तिकडचा मिस्त्री चांगला आहे," आमचा मिस्त्री म्हणाला. "केसाचाही फरक नाही."

त्यानं शेवटची फरशी ठेवली. कोपऱ्यांवर ठोकलं. ठक. ठक. ठक. ठक. आम्ही तिघंही वाट बघत राहिलो.

उत्तर आलं नाही. तिकडचं काम संपलं होतं.

९

परत येताना अक्का माझा हात धरून चालली. मी जवळजवळ ओढतच होतो तिला. मिस्त्री हत्यारांची पिशवी खांद्याला लावून मागे येत होता, सुट्टी झालेल्या माणसासारखा.

दारापाशी पोचलो. बायकोनं आधी अक्काला धरलं, मग मला, मग पदरानं उगाच डोळे पुसले. "गरम करून आणते," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

मिस्त्री पायांची माती झटकत होता. "शेवटच्या भागावर आज कुणी पाय देऊ नका. ओलं आहे."

"कोण देणार आहे!" मी म्हटलं. माझा आवाज चिरकला.

"तिकडच्यांनाही सांगितलंय," तो म्हणाला. "पण थांबतील असं वाटत नाही. त्यांच्याकडेही कुणाला तरी चालायला सांगितलंय, म्हणे."

तेव्हाच आम्हाला ते ऐकू आलं. कानांना नाही, तळव्यांना. फरशीतून एक हलकी थरथर आली. मग काही नाही. मग पुन्हा. एक पाऊल, त्यापाठोपाठ काठी. एक पाऊल, काठी. नवीन दुखणं असलेलं माणूस चालतं तसं.

मी बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

त्या शेवटच्या फरशीच्याही पलीकडे, जिथून आमचं माणूस काडीएवढंही दिसलं नसतं, तिथे कुणीतरी उभं होतं. वाकलेलं, एका बाजूला कललेलं, दम खात थांबलेलं. आणि ते तिथूनच, तेवढ्या लांबूनच, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अक्काएवढं दिसत होतं.

पुढे सांगायला नको. ते जवळ आल्यावर केवढं असेल, हा हिशेब तुम्हीच करा. मी केलं, आणि माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

मिस्त्रीनं पिशवीतून टेप काढली होती. चौकटीची उंची मोजली, वर बघितलं, मान हलवली. "दाराचं आपलं बोलणं झालं नव्हतं, साहेब."

मी दार ओढलं. ते अर्ध्यात अडलं, कारण अक्कानं काठी मधे घातली होती.

"अक्का, सोड. तुझ्या पाया पडतो, सोड."

"लोटू नकोस," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मोकळ्या हातानं केस नीट करत होती, पाहुणे यायचे असले की करायची तसे. "एवढ्या लांबून येतंय माणूस. दुखऱ्या पायानं."

आणि कडी माझ्या हातात असतानाच ती दारातून वाकली आणि आत, त्या सगळ्या फरशीवरून, खणखणीत आवाजात हाक दिली:

"सावकाश या हो! ओलं आहे अजून!"

तिचा आवाज गेला. जात राहिला. बायकोनं माझा दंड घट्ट पकडला. आम्ही तो आवाज पोचायची वाट बघत उभे राहिलो.

मग पावलं सावकाश पडू लागली.